अडकलेला भाग सोडवावा कसा?

घरात पाहुणे येऊन गेले, घाईघाईने पेले विसळले आणि ओलेच एकात एक घालून ठेवले, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांतले दोन पेले हटकून एकमेकांत अडकून बसतात. मग घरातल्या सर्वांत ताकदवान माणसाला हाक जाते. तो ओढतो, पिळतो, ओट्यावर आपटतो. पेल्याला पोचा येतो, पण पेला सुटत नाही. एवढ्यात आजी येते. आतल्या पेल्यात गार पाणी ओतते, बाहेरचा पेला ऊन पाण्याच्या पातेल्यात धरते, क्षणभर थांबते आणि दोन बोटांनी आतला पेला उचलून बाजूला ठेवते. यात जादू काहीच नाही. बाहेरचा पेला तापून किंचित मोठा झाला, आतला निवून किंचित लहान झाला आणि दोघांमधली मिठी सैल झाली.

आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत तो विषय या पेल्यांचाच आहे. फक्त आमचे पेले म्हणजे ओतकामाचे साचे, मापाच्या डाय आणि कित्येक टनांचा दाब देणारी यंत्रे. व्याख्यानमालेत थोर ग्रंथांची आणि थोर पुरुषांची चर्चा ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना हा विषय क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी किती घरांतला कोणी ना कोणी भोसरी, आकुर्डी, चिंचवड किंवा चाकण येथे पाळीला जातो, याचा विचार करावा. त्याच्या दिवसातला फार मोठा वेळ अडकलेले काहीतरी सोडवण्यात जातो आणि त्याच्या हाताला सर्वांत मोठा धोका असतो तोही त्याच वेळी. म्हणून हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

आपला पट्टा

आपला हा पट्टा पाहता पाहता वाढला. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि माळरानावर भूखंड आखले गेले. मोटारी, स्कूटर, इंजिने यांचे मोठे कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे हा पसारा भीमेच्या खोऱ्याकडे सरकला. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या आसपास मोटारींचे कारखाने उभे राहिले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ साली सुरू झाला.

मोठ्या कारखान्याचे फाटक सर्वांना दिसते. पण स्कूटरच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे झाकण, दरवाज्याच्या कडीचा पत्रा, फिरत्या दांड्याखालचा बुश हे भाग पुष्कळदा गल्लीबोळातल्या दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपात तयार होतात. तेथे दोन कामे प्रमुख असतात. पहिले, वितळलेली धातू साच्यात भरून वस्तू ओतणे. दुसरे, तयार वस्तू मापाच्या कड्यातून किंवा डायमधून दाबून नेमक्या मापाला आणणे. याला साइझिंग म्हणतात. ही जोडी जुनी आहे. पूर्वी बंदुकीची गोळी अशीच होत असे. शिसे वितळवून दोन फाळक्यांच्या साच्यात ओतायचे, गोळी गार झाली की तिला मेण किंवा चरबी लावायची आणि मापाच्या भोकातून दाबून काढायची. दापोडीचा पूल ओलांडला की खडकीला १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. आजची बंदुकीची गोळी बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि आत शिसे अशी असते आणि तिला आकार देण्यासाठीही पंच आणि डाय लागतात. धातू कोणतीही असो, ओतले की साच्यात अडकण्याची भीती आणि दाबले की डायमध्ये अडकण्याची भीती या कामाच्या पाचवीला पुजलेली आहे.

अडकण्याची चार कारणे

वर्कशॉपात “जाम झाला” हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. डॉक्टर प्रत्येक दुखण्याला नुसता “ताप” म्हणू लागला तर रोग्याचे जे होईल तेच यंत्राचे होते. वस्तू अडकण्याची मुख्य कारणे चार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिले कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढीसुद्धा जागा नसते. तेथे गंज धरला की तो आतून पाचर मारल्यासारखा दोघांना आवळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबरची हवा या कामाला अगदी अनुकूल. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसवलेला असेल तर दोन धातूंच्या संगतीने ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

यावर उपाय म्हणजे पातळ तेल आणि वेळ; त्यांतही वेळ अधिक. आट्यांच्या बारीक फटीतून तेल आपोआप आत ओढले जाते, जसे कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते. पण ते घाईने चढत नाही. संध्याकाळी तेल सोडावे, हलक्या हाताने बोल्टच्या डोक्यावर चार ठोके द्यावेत म्हणजे गंजाला चिरा पडतात, आणि सकाळी पाना लावावा. निळ्या-पिवळ्या डब्यातला जो फवारा आज जिथे-तिथे दिसतो, त्या डब्ल्यूडी-४०चा जन्म १९५३ साली अमेरिकेत झाला. पाणी हटवण्याच्या रसायनाचा चाळीसावा प्रयोग, असा त्या नावाचा अर्थ. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो वापरीत. फवारा मारून दुसऱ्या क्षणी पाना ओढणाऱ्याने हा इतिहास ध्यानात घ्यावा. डब्यात तेल आहे, मंत्र नाही. जुन्या मिस्त्रींची एक युक्तीही चांगली आहे. नट बेताचा तापवून आट्यांना मेणबत्ती टेकवायची. वितळलेले मेण आत शिरते आणि तेच वंगण होते. मात्र जेथे रॉकेल किंवा तेलाचा फवारा मारला आहे तेथे नंतर ज्योत नेऊ नये, हे सांगायला नको.

दुसरे कारण उष्णता. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची वस्तू १०० अंशांनी तापवली तर सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढते. पितळ याच्या दीडपट आणि ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट वाढते. हे आकडे लहान वाटतात, पण यंत्राचे भाग ०.०३ मिलिमीटरच्या अंतरावर एकमेकांत सरकत असतात. आपल्या लोहाराला हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना तो धाव शेणीच्या जाळात तापवतो, मोठी झालेली धाव चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. धाव आवळते आणि वर्षानुवर्षे निघत नाही. मग ती काढायची असेल तर काय करावे? अर्थात पुन्हा धावच तापवावी, चाक नव्हे. बेअरिंग काढताना, बुश काढताना, नट काढताना नियम हाच: बाहेरचा भाग तापवावा, आतला गार ठेवावा. उलट केले तर मिठी अधिकच घट्ट होते.

तिसरे कारण चिकटणे, आणि ओतकामात हेच सर्वांत त्रासदायक. ॲल्युमिनियमचा रस साधारण ६५० ते ७०० अंश तापमानाला मोठ्या दाबाने पोलादी डायमध्ये शिरतो. पोलादाचा पृष्ठभाग उघडा सापडला तर ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचा संयोग होऊन तेथे एक कठीण थर बसतो. कल्हईवाला नवसागराने भांडे स्वच्छ करून कथील फिरवतो तेव्हा कल्हई भांड्याला धरते. तीच क्रिया येथे नको असताना होते. ती होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी डायवर औषधाचा फवारा मारतात आणि मिश्रधातूतही थोडे लोखंड मुद्दाम राहू देतात, म्हणजे रसाला डायमधले लोखंड खाण्याची भूक उरत नाही. एवढे करूनही डायवर ॲल्युमिनियम बसले तर ते छिन्नीने खरवडू नये. छिन्नीचा ओरखडा पडला की पुढच्या वेळी रस नेमका तेथेच धरतो. डाय उतरवून ते बसलेले ॲल्युमिनियम दगडाने सावकाश घासावे किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने विरघळवावे. सोडा ॲल्युमिनियमला खातो, पोलादाला सहसा धक्का लावत नाही. पण या वेळी हायड्रोजन वायू सुटतो आणि सोड्याचा एक थेंब डोळा घालवू शकतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, जाणत्या माणसानेच करावे.

स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्टही असेच चिकटतात. गंज नसतो, धूळ नसते, तरी फिरवता फिरवता एकदम धरून बसतात. त्यांच्या अंगावरचा अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा घासून निघतो आणि उघडी धातू उघड्या धातूला जणू डाख दिल्यासारखी जुळते. येथे तेल मागाहून घालून फारसा उपयोग नाही. बसवतानाच वंगण लावावे आणि सावकाश फिरवावे.

चौथे कारण घाण आणि वंगणाचा अभाव. चकली करताना सोऱ्यात पीठ घट्ट झाले किंवा आतून तेलाचा हात फिरवायचा राहिला तर दट्ट्या मध्येच अडतो. साइझिंगच्या डायचे अगदी असेच आहे. वस्तूवर धातूचा कीस चिकटलेला असेल, वंगण सुकले असेल किंवा वस्तू मुळातच मापाहून फार मोठी असेल, तर ती अर्ध्यात बसते. तेव्हा दाब वाढवून ती पुढे रेटण्याचा मोह होतो. तो आवरावा. डायचे तोंड आत जाण्याच्या बाजूला किंचित पसरट केलेले असते. म्हणून वस्तू ज्या बाजूने गेली त्याच बाजूने, उलट दिशेने, तिच्याहून मऊ धातूच्या दांड्याने परत काढणे बहुधा सोपे जाते. शिशासारखी मऊ धातू असेल तर ती रेटल्याने पंचाभोवती पसरते आणि अधिकच गच्च बसते. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून काही जण डाय तापवून ते ओघळवू पाहतात. त्या तापाने डायचे पाणी उतरू शकते आणि शिशाची वाफ व धूळ शरीरात विष म्हणून साठते.

या चार कारणांखेरीज एक पाचवे आहे, ते यंत्रात नसून आपल्यात असते. कधी कधी भाग अडकलेला नसतोच. आपण तो उलटा फिरवत असतो. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे डावे असतात, ॲसिटिलिनच्या टाकीच्या जोडाचे आटे डावे असतात. अशा ठिकाणी जितका जोर जास्त तितके आवळणे जास्त. पाना लावण्यापूर्वी आटे कोणत्या हाताचे आहेत हे पाहणे फुकट असते.

जोराचा हिशेब

आता जोराविषयी. एक हात लांब पाना पुरत नाही म्हणून त्याला पाइप घालणे हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय. हिशेब करून पाहू. २५ सेंटिमीटरच्या पान्याला टोकाशी २० किलोचा जोर दिला तर ५ किलो-मीटरचा पीळ मिळतो. १० मिलिमीटरचा चांगला पोलादी बोल्ट साधारण इतक्यालाच आवळतात. त्याच पान्याला पाइप घालून लांबी ७५ सेंटिमीटर केली तर तोच हात १५ किलो-मीटर देतो आणि बोल्टचे डोके हातात येते. मग आत राहिलेला तुकडा भोक पाडून काढायचा. पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते. पाइप वाईट नव्हे, पण तो घालण्यापूर्वी तेलाला रात्र दिली होती काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

हातोड्याचेही तसेच. कडक केलेल्या पोलादावर कडक पोलादाचा हातोडा मारला तर कपची उडते आणि ती डोळ्याकडे येते. मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरावा. एका मोठ्या घावापेक्षा चोहोबाजूंनी दिलेले अनेक हलके ठोके अधिक काम करतात, कारण भाग तिरका झाला की तो पुन्हा अडकतो.

आम्ही भोसरीतल्या एका वर्कशॉपात पाहिलेली गोष्ट सांगतो. ओतकामाच्या डायमधून तयार वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिना मागे जाईनात. एका तरुण कामगाराने घण उचलला. तेवढ्यात वयस्क मिस्त्री आले. “पोरा, घण खाली ठेव. वाफ कुठून निघतेय ते आधी बघ,” एवढेच ते म्हणाले. डायच्या एका कोपऱ्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, तर ते तडतडून उडाले. इतरत्र नुसते वाळले. त्या कोपऱ्याला गार ठेवणारी पाण्याची नळी क्षारांनी चोंदली होती. तो भाग इतका तापला होता की डायमधली भोके पुढे सरकली होती आणि पिना ज्या मागच्या पाटीत बसवलेल्या होत्या ती मात्र गारच होती. २०० मिलिमीटर अंतरावर १०० अंशांचा फरक पडला तर भोक सुमारे पाव मिलिमीटर सरकते. पिनेभोवती मोकळी जागा असते त्याच्या आठवा हिस्सा. मिस्त्रींनी यंत्र बंद करून डाय निवू दिली आणि नळी साफ केली. दीड तासाने पिना तळहाताच्या रेट्याने मागे गेल्या. घण मारला असता तर पिना वाकल्या असत्या आणि नळी चोंदलेलीच राहिली असती.

बोटाची किंमत

आता या विषयाचा जो गाभा आहे त्याकडे येतो. बिघडलेली डाय पुन्हा करता येते. बोट पुन्हा करता येत नाही.

दुसऱ्या एका वर्कशॉपात दाबयंत्राच्या खालच्या डायमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. यंत्र बंद करून, दाट्याखाली ठोकळा घालून, चिमट्याने तो काढावयाचा. पण नगांचा आकडा पुरा व्हायचा होता. मुलाने डाव्या हाताने तुकडा ओढला आणि तोल सावरताना त्याचा पाय पेडलवर पडला. आम्ही त्याला नंतर भेटलो तेव्हा तो चहाचा पेला मधल्या बोटाने आणि अंगठ्याने धरत होता. त्या तुकड्याची किंमत काही पैसे होती.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याच्या शक्तीत ३० टक्के घट, संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे केले. पुढे कायदे बदलले, संहिता आल्या. पण आजही सेफ इन इंडिया ही संस्था मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांवर २०१९ पासून जे अहवाल काढीत आली आहे, त्यांत दाबयंत्रावर गेलेल्या बोटांचीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. टक्केवारी वाचताना १४ हा आकडा लहान वाटतो. ज्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही त्याला तो लहान वाटत नाही.

अडकलेल्या यंत्राचा विशेष धोका असा की ते थांबलेले दिसते, परंतु त्याच्यात जोर साठलेला असतो. जड चक्र वीज बंद केल्यावरही फिरत राहते. स्प्रिंग दबलेली असते. नळ्यांत हवेचा किंवा तेलाचा दाब कोंडलेला असतो. अडसर निघताच हा सर्व जोर एकदम मोकळा होतो, आणि नेमका तेव्हाच माणसाचा हात तेथे असतो. प्रेशर कुकरचे झाकण निघत नाही म्हणून गृहिणी त्यावर हातोडा मारीत नाही. शिट्टी उचलून वाफ जाऊ देते. तेवढेच शहाणपण यंत्रापुढे दाखवले तर पुरे.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम वीज बंद करावी आणि खटक्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. दुसऱ्याच्या भरवशावर नव्हे. चक्र पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. नळ्यांतला दाब सोडावा. वर उचललेल्या दाट्याखाली ठोकळा घालावा. मग अडकण्याचे कारण शोधावे आणि हाताऐवजी चिमटा किंवा आकडा वापरावा. बंद पोकळी असलेला भाग ज्योतीने तापवू नये. आत कोंडलेले तेल किंवा पाणी त्याचा बाँब करते. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सुमारे १६०० पट जागा मागते. म्हणूनच ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला की रस चौफेर उडतो.

हे सारे करायला वेळ लागतो, आणि वेळ देणे एकट्या कामगाराच्या हाती नसते. मालक, सुपरवायझर आणि माल मागणारा मोठा कारखाना यांनी नगांच्या आकड्यात थांबण्याची मिनिटे धरली नाहीत, तर भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाट्या शोभेच्याच राहतात. या सभेत कारखानदारही आहेत आणि कामगारांचे आईबापही आहेत. दोघांनी हा प्रश्न एकमेकांना विचारण्यासारखा आहे.

शेवटी आम्ही एवढेच सुचवतो. जोडतानाच सोडवण्याचा विचार करावा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावावे, डायच्या नळ्या ठरल्या दिवशी साफ कराव्यात, साइझिंगच्या डायमध्ये कोरडी वस्तू घालू नये. एवढे करूनही काही अडकले, तर आधी किल्ली खिशात घालावी, मग कारण पाहावे आणि हातोड्याची आठवण सर्वांत शेवटी करावी. आज घरी गेल्यावर पेले पुसून, कोरडे करून ठेवले तर सरावाला तेथूनच सुरुवात होईल.